प्रवाळभित्तीवरच्या अनुभवानंतर बुडालेल्या जहाजावर उतरताना नव्याने काय शिकावे लागते?

पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याचे, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचे, ओपन वॉटर आणि अ‍ॅडव्हान्स्ड हे पहिले दोन्ही अभ्यासक्रम आपण पूर्ण केले आहेत, प्रवाळभित्तीवर आपण सराईतपणे डाइव्ह करता आणि आता किनाऱ्यालगत बुडालेल्या एखाद्या जहाजावर उतरण्याची इच्छा आहे. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण खरोखर लागते का, जहाजाच्या आत जाता येईल का आणि सोबत काय घ्यावे, असे आपण विचारले आहे. जहाजाच्या बाहेरून फिरण्यासाठी आपले आजचे प्रशिक्षण, खोलीची मर्यादा पाळल्यास, बहुतेक ठिकाणी पुरते. आत जाण्यासाठी ते अजिबात पुरत नाही. या दोहोंतला फरक खोलीवर किंवा धाडसावर अवलंबून नाही. डोक्यावर छत आहे की मोकळे पाणी, यावर तो ठरतो. बाकीचे जवळपास सगळे नियम त्या एका गोष्टीतून निघतात.

आतापर्यंत आपल्याला जे शिकवले गेले, त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती: काहीही बिघडले तरी वरचा रस्ता खुला आहे. रेग्युलेटरमधून (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडापर्यंत पोहोचवणाऱ्या उपकरणातून) हवा येईनाशी झाली, मास्कमध्ये पाणी भरले, जोडीदार दिसेनासा झाला, तरी शेवटचा उपाय म्हणून आपण सावकाश पृष्ठभागाकडे निघू शकतो. जहाजाच्या आत हा उपायच उरत नाही. आधी आडवे पोहत दारापर्यंत यावे लागते, तेही कदाचित अंधारात आणि गढूळ पाण्यात, आणि त्यानंतर वर जाण्याचा प्रश्न येतो. म्हणून आत जाणाऱ्याने प्रत्येक अडचण आहे त्या जागीच सोडवण्याची तयारी ठेवायची असते, आणि ती तयारी सामानापेक्षा सवयींमध्ये जास्त असते.

बाहेरून फिरतानाही प्रवाळभित्ती आणि जहाज यांत एक फरक आहे, ज्याकडे नवीन डायव्हरचे सहसा लक्ष जात नाही. उतरत्या प्रवाळभित्तीवर आपण सुरुवातीला खोल जातो आणि मग हळूहळू उथळ पाण्याकडे सरकतो. त्यामुळे शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचा हिशेब आपोआप सैल होत जातो. सपाट वाळूवर सरळ बसलेल्या जहाजावर तसे होत नाही. डेक 30 मीटरवर असेल, तर संपूर्ण डाइव्ह 30 मीटरच्या आसपासच जाते. डायव्हिंगच्या नेहमीच्या तक्त्यांप्रमाणे साध्या हवेवर, वर येताना नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून टप्प्याटप्प्याने थांबे घ्यावे न लागता, 18 मीटरला साधारण 56 मिनिटे राहता येते, तर 30 मीटरला फक्त 20 मिनिटे. जहाजावर पाहण्यासारखे बरेच असते आणि वेळ थोडा असतो, आणि नेमकी याच खोलीपासून नायट्रोजनची गुंगी अनेकांना जाणवू लागते. गुंगीत माणूस घाबरत नाही, उलट त्याला सारे ठीक चालले आहे असे वाटते, आणि हवेचा काटा पाहायचा राहून जातो. 32 टक्के ऑक्सिजनचे नायट्रॉक्स (साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजन असलेले मिश्रण) वापरले तर 30 मीटरवरचा वेळ सुमारे 30 मिनिटांपर्यंत वाढतो. मात्र या मिश्रणासाठी ऑक्सिजनच्या दाबाची 1.4 बारची (बार हे दाबाचे एकक) नेहमीची मर्यादा धरल्यास साधारण 33 मीटरच्या खाली जाता येत नाही. नायट्रॉक्सचा अभ्यासक्रम छोटा असतो, आणि माझ्या मते जहाजांवर जाऊ इच्छिणाऱ्याने तो सर्वात आधी करावा.

आता हवेचा हिशेब मांडतो, कारण आत जाण्याविषयीचा माझा सल्ला याच आकड्यांवर उभा आहे. शांत श्वास घेणारा डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा वापरतो असे धरू. 30 मीटरवर दाब चौपट असल्याने तोच खर्च 80 लिटरवर जातो. 12 लिटरच्या आणि 200 बारपर्यंत भरलेल्या सिलिंडरमध्ये 2400 लिटर हवा असते, म्हणजे अगदी रिकामा होईपर्यंत वापरला तरी अर्धा तास. बंदिस्त जागेत शिरताना एक तृतीयांश हवा जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव ठेवावी, असा प्रसिद्ध नियम आहे. त्यानुसार 800 लिटर संपताच, म्हणजे दहाव्या मिनिटाला परत फिरायचे. त्याच क्षणी, सर्वात आतल्या टोकाला, जोडीदाराची हवा बंद पडली असे समजा. आपल्याकडे 1600 लिटर आहेत आणि दोघांना दारापर्यंत परतायला प्रत्येकी 800 लागतात. दारात पोहोचेपर्यंत सिलिंडर रिकामा झालेला असतो, आणि अजून 30 मीटर वर जायचे बाकी असते. मिनिटाला 9 मीटर या वेगाने वर जाऊन 5 मीटरवर 3 मिनिटे थांबायचे झाले, तर दोघांनी अगदी शांतपणे श्वास घेतला तरी 500 लिटरहून अधिक हवा लागते. आणि अशा वेळी शांतपणे श्वास घेणारे फार थोडे असतात. तेव्हा वर येण्यासाठी दोघांना लागणारी हवा आधी बाजूला काढावी आणि उरलेल्या हवेचे तीन भाग करावेत. असे केले की एका सिलिंडरवर 30 मीटरच्या जहाजात शिरायला वेळ जवळजवळ उरतच नाही, हे कागदावरच स्पष्ट दिसते. जोडसिलिंडर किंवा स्वतंत्र रेग्युलेटरसह दुसरा पूर्ण सिलिंडर असल्याशिवाय त्या खोलीवर मी कोणालाही आत नेत नाही.

हवेइतकाच मोठा शत्रू गाळ आहे. वर्षानुवर्षे बंद असलेल्या खोलीत पिठासारखा बारीक गाळ जमिनीवर, फळ्यांवर, तुटलेल्या पलंगांवर साचलेला असतो. प्रवाळभित्तीवर आपण पायांतल्या फिन्सनी (पोहण्याच्या रबरी पात्यांनी) जशी वरखाली किक मारतो तशी एकच मारली, की मागे तपकिरी ढग उठतो आणि तो पुढे निघालेल्या डायव्हरला दिसतही नाही. परत वळल्यावर मात्र ज्या दारातून आत आलो ते दार समोरून नाहीसे झालेले असते. टॉर्चचा झोत त्या गढूळ पाण्यातून परत डोळ्यांवरच येतो, काटा मास्कला टेकवला तरी आकडे वाचता येत नाहीत. फिन्स अगदी सांभाळून मारल्या तरीही सुटका नसते, कारण आपण सोडलेले बुडबुडे छताला जाऊन आदळतात आणि गंजाचे पापुद्रे सुटून पावसासारखे खाली येतात. हे थांबवता येत नाही, फक्त आत घालवलेला वेळ कमी ठेवता येतो. यासाठीच बेडकासारखी आडवी किक शिकावी लागते, जिच्यात पाणी मागे ढकलले जाते आणि खालचा गाळ उठत नाही. मागे सरकण्याची किक आणि जागच्या जागी वळणेही यायला हवे, कारण अरुंद वाटेत पूर्ण वळायला जागा नसते.

असा ढग उठल्यावर बाहेर काढते ती दोरी. दाराबाहेर मोकळ्या पाण्यात रीलची दोरी एकदा बांधायची, आत शिरताच पुन्हा एकदा बांधायची, आणि मग ती ताणलेली ठेवत, कोपऱ्याकोपऱ्याला अडकवत पुढे जायचे. सैल दोरी धोक्याची असते: एक तर ती पायात येते, आणि दुसरे म्हणजे एखाद्या फटीत घसरली तर आपण जिथून जाऊ शकत नाही तिथून तीच दोरी जाते. डोळे मिटून, अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करून त्यातून दोरी सरकवत, दुसरा हात जोडीदाराच्या दंडावर ठेवून बाहेर येण्याचा सराव आधी जमिनीवर आणि मग उथळ उघड्या पाण्यात करायचा असतो. टॉर्च प्रत्येकाकडे तीन हवेत, एक मुख्य आणि दोन राखीव. करमणुकीच्या डायव्हिंगसाठीचे जहाजांचे अभ्यासक्रम आत जाण्याला स्पष्ट मर्यादा घालतात: दारातून येणारा उजेड दिसत राहील इतकेच आत जायचे, आणि पृष्ठभागापासूनची खोली व आडवे अंतर मिळून साधारण 40 मीटरच्या पुढे जायचे नाही. म्हणजे 30 मीटरवरच्या दारातून फक्त 10 मीटर आत. याहून पुढे, अंधाऱ्या इंजिनघरांत आणि खालच्या मजल्यांत जायचे असेल तर तांत्रिक डायव्हिंगचे वेगळे आणि दीर्घ प्रशिक्षण लागते.

इथे एक सवलत सांगायला हवी. ज्याच्या दोन्ही टोकांचा उजेड एकदमच दिसतो, ज्यात दोघे शेजारी शेजारी पोहू शकतात आणि ज्याच्या तळाशी गाळ नाही, असा डेकखालचा रुंद बोळ अनुभवी मार्गदर्शकासोबत पार करायला हरकत नसते. या तीनपैकी एकही अट पूर्ण होत नसेल तर बाहेरूनच पाहावे. आतल्या छताशी कधी कधी हवेचा चकाकणारा कप्पा दिसतो. त्यात तोंड वर काढून रेग्युलेटर मात्र कधीही काढू नये, कारण त्या हवेतला ऑक्सिजन लोखंडाच्या गंजण्यात वापरला गेलेला असू शकतो.

बुडालेली जहाजे माशांना आश्रय देतात, म्हणून तिथे मासेमारी होते, आणि मासेमारी होते म्हणून तिथे जाळी आणि गळाचे तंगूस अडकलेले असतात. नायलॉनचा तो पारदर्शक धागा पाण्यात अक्षरशः दिसत नाही. अडकल्याचे जाणवले की पहिली प्रतिक्रिया गरकन वळून पाहण्याची होते, आणि तिनेच गुंता वाढतो. थांबावे, थोडे मागे सरकावे, जोडीदाराला खूण करावी. बहुतेक वेळा धागा सिलिंडरच्या झडपेत अडकलेला असतो आणि तो स्वतःला दिसत नाही, जोडीदाराला मात्र लगेच दिसतो. पोटरीला बांधलेला मोठा सुरा यात फारसा कामाचा नाही. धागा कापायचे छोटे पाते किंवा बोथट टोकाची मजबूत कात्री, आणि ती कोणत्याही हाताने गाठता येईल अशी छातीजवळ, हे मला अधिक विश्वासाचे वाटते. लोंबकळणारे प्रत्येक सामान, मग तो काटा असो की राखीव रेग्युलेटर, अंगालगत अडकवून ठेवावे. हातमोज्यांचा प्रश्न हमखास विचारला जातो: गंजलेल्या पत्र्यावर ते हवेतच, पण प्रवाळभित्तीवर त्यांच्यामुळे हात लावण्याचा मोह वाढतो, आणि याच कारणाने अनेक सागरी उद्यानांत त्यांना बंदी असते.

किनाऱ्यालगतच्या जहाजांवर भरती-ओहोटीचा विचार खोल समुद्रापेक्षा जास्त करावा लागतो. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ जबर असते आणि गाळही जास्त उठतो, म्हणून शक्य असेल तर भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असणारे दिवस निवडावेत. प्रवाह थांबण्याची वेळ आणि भरती पूर्ण होण्याची वेळ दर ठिकाणी एकच असते असे नाही. दोहोंत एकदोन तासांचाही फरक असू शकतो, आणि तो स्थानिक नाखव्याला ठाऊक असतो. बोटीवरून जहाजापर्यंत टाकलेल्या दोरीनेच उतरावे आणि शक्यतो तिनेच वर यावे. खाली पोहोचल्यावर ती दोरी जहाजाच्या कोणत्या भागाला लागली आहे, जवळ डोलकाठी आहे की सुकाणू, हे वळून नीट पाहून ठेवावे, कारण परतताना तेच दृश्य उलट बाजूने ओळखायचे असते. होकायंत्रावर इथे भिस्त ठेवता येत नाही. एवढ्या लोखंडाजवळ त्याची सुई भरकटते. दोरी सापडलीच नाही, तर फुगवता येणारा बोया रीलवरून वर सोडून त्याखाली सावकाश यावे, म्हणजे बोटवाल्याला आपली जागा कळते. हा बोया सोडण्याचा सराव मी प्रत्येकाकडून आधी करून घेतो, कारण पहिल्यांदा सोडताना रील अडकून माणूस बोयासोबत वर ओढला जाण्याचा धोका असतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने येतो आणि तो कोणत्या दिशेने आला हे कळत नाही. इंजिनाची घरघर ऐकू आली तर बोट नेमकी कुठे आहे याचा अंदाज बांधून वर येऊ नये.

प्रवाळभित्तीने आपल्याला दिलेली सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे बॉयन्सी, म्हणजे वर न उचलले जाता आणि खाली न बुडता पाण्यात अधांतरी स्थिर राहण्याचे कौशल्य, आणि जहाजावर तिचीच खरी परीक्षा होते. प्रवाळावर घासलेला गुडघा जिवंत प्राण्यांच्या अंगावरचा संरक्षक चिकट थर पुसून टाकतो. गोल दगडासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटरच वाढतात, त्यामुळे फिनच्या एका फटक्याने तुटलेला तुकडा भरून यायला दशके लागतात. जहाजाच्या कठड्यावरही हेच प्रवाळ, स्पंज आणि शिंपले वसलेले असतात, आणि त्यांच्यातच विषारी काट्यांचा स्कॉर्पियनफिश बसलेला असतो. गंजाच्या रंगाचा, कडांना झालरीसारखी कातडी असलेला हा मासा हाताच्या अंतरावर असूनही दिसत नाही. टॉर्च तिरका धरला की आधी डोळा दिसतो, मग तोंडाची रेघ, आणि मग कळते की ज्याला आपण खुंटा समजून धरणार होतो तो मासा आहे. त्याचा काटा लागल्यास डाइव्ह तिथेच संपवावी, जखम सोसवेल इतक्या, पण 45 अंशांच्या वर नसलेल्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

जहाज आणि प्रवाळभित्ती ही दोन वेगळी स्थळे मानू नयेत, हे योंगाला या जहाजावरून चांगले समजते. मार्च 1911 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ चक्रीवादळात ते 122 माणसांसह बुडाले. आजूबाजूला सपाट वाळू असल्याने परिसरातले सारे जीवन त्या एका सांगाड्यावर गोळा झाले आहे. तिथे आत जायला कायद्याने बंदी आहे, आणि बाहेरून पाहताना आत जाण्याची गरज वाटतही नाही. बुडालेले प्रत्येक जहाज समुद्राच्या हिताचेच असते, ही समजूत मात्र चुकीची आहे. प्रशांत महासागरातल्या पाल्मायरा बेटाच्या प्रवाळभित्तीवर 1991 मध्ये मासेमारीचे एक जहाज रुतले. तिथल्या पाण्यात लोह अतिशय कमी असते. गंजातून लोह मिसळू लागल्यावर प्रवाळासारखाच दिसणारा एक प्राणी बेसुमार वाढला आणि त्याने मूळ प्रवाळ झाकून टाकले. शेवटी तो सांगाडा तुकडे करून तिथून हलवावा लागला.

मुद्दाम बुडवलेली जहाजे नवशिक्यांसाठी सुरक्षित असतात, असेही सर्रास म्हटले जाते. बुडवण्याआधी त्यांतले तेल आणि तारा काढलेल्या असतात, दारे उतरवून भिंतींना मोठी भगदाडे पाडलेली असतात, हे खरे. पण पत्रा गंजतो, वरचे मजले खाली बसतात आणि कालची वाट आज नसते. फ्लोरिडाजवळ 2002 मध्ये बुडवलेले स्पीगल ग्रोव्ह हे 155 मीटर लांबीचे नौदलाचे जहाज कुशीवर पडून होते. 2005 मधल्या डेनिस या चक्रीवादळाने ते अजस्र जहाज सरळ उभे केले. त्यामुळे जुना नकाशा किंवा काही वर्षांपूर्वीचा व्हिडिओ पाहून आतली वाट ठरवू नये. त्या हंगामात तिथे नियमित उतरणाऱ्या मार्गदर्शकाचे ऐकावे.

पहिल्या जहाजासाठी मी उथळ, मोडून उघडे पडलेले आणि किनाऱ्यावरून पोहत गाठता येणारे ठिकाण सुचवीन. बालीमधल्या तुलांबेनचे लिबर्टी हे त्याचे उत्तम उदाहरण: जानेवारी 1942 मध्ये पाणतीर (टॉर्पेडो) लागल्यावर ते किनाऱ्यावर आणून लावले होते, आणि 1963 मध्ये अगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते समुद्रात ढकलले गेले. त्याचा वरचा भाग काही मीटरवर, तर खालचा साधारण 30 मीटरवर आहे, म्हणून प्रवाळभित्तीसारखीच खोलीकडून उथळाकडे येणारी डाइव्ह तिथे आखता येते. तांबड्या समुद्रातले थिसलगॉर्म, जे 6 ऑक्टोबर 1941 रोजी जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात मोटारसायकली, ट्रक आणि दारूगोळ्यासह बुडाले, ते साधारण 30 मीटरवर आहे आणि तिथे प्रवाहही जोराचा असतो. ते नायट्रॉक्स आणि बोयाचा सराव पक्का झाल्यावर करावे. वानुआतूमधले प्रेसिडेंट कूलिज तर उतारावर पडलेले आहे, सुमारे 20 मीटरपासून 70 मीटरपर्यंत. अशा ठिकाणी जहाजाचा आकारच आपल्याला नकळत खाली नेत राहतो, म्हणून कमाल खोली बोटीवरच ठरवून घ्यावी आणि ती आली की समोर काहीही दिसत असले तरी वळावे.

वस्तू उचलण्याबाबत माझे मत कडक आहे: काहीही आणू नये, कपाची फुटकी कडसुद्धा नाही. अनेक देशांत तो गुन्हा आहे, आणि युनेस्कोचा 2001 चा करार शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या अवशेषांचे जागच्या जागी जतन करण्याला पहिली पसंती देतो. शिवाय समुद्राबाहेर काढलेले लोखंड आणि लाकूड शास्त्रीय प्रक्रियेशिवाय काही महिन्यांतच भुगा होऊ लागते. अनेक जहाजांवर माणसे मेलेली आहेत आणि त्यांचे अवशेष अजूनही तिथेच आहेत, हेही उतरण्यापूर्वी ठाऊक असावे.

डाइव्ह संपल्यानंतरचे नियम प्रवाळभित्तीवरच्याइतकेच आहेत, मात्र एकाच खोलीवर बराच वेळ घालवल्यामुळे ते अधिक काटेकोरपणे पाळावेत. एकच डाइव्ह असेल तर विमानप्रवासापूर्वी किमान 12 तास, अनेक डाइव्ह असतील तर किमान 18 तास थांबावे, आणि थांबे घेऊन वर यावे लागले असेल तर त्याहून बरेच जास्त. सांध्यात दुखणे, त्वचेवर चट्टे, मुंग्या, अतिथकवा किंवा तोल जाणे यांपैकी काहीही जाणवल्यास ते पोहण्याच्या श्रमावर ढकलू नये. लगेच शुद्ध ऑक्सिजन द्यावा आणि डायव्हिंगच्या आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांशी संपर्क साधावा. बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का आणि तो चालवता येणारा माणूस सोबत आहे का, हे पैसे भरण्याआधीच विचारावे.